क्युप्रस आयोडाइड आणि माझी पांढरी साडी

अहो, आधीच हसू नका! ऐकून घ्या, मग काय ते हसा. माझं डोकं अजून तापलेलंच आहे.

मी इथे रत्नागिरीत ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. विज्ञान प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. प्राचार्य म्हणाले, "बाई, काहीतरी झकास दाखवा. नवी प्रयोगशाळा मागायची आहे त्यांच्याकडे."

"क्युप्रस आयोडाइड करते सर! मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचं पाणी ओतायचं. तळाशी दुधासारखी पांढरी पावडर! पाण्यात विरघळतसुद्धा नाही."

अध्यक्ष आले. बागायतदार माणूस. "मोरचूद? आमच्या सुपारीवर फवारतात तोच ना?"

"तोच! आता बघा, पांढराशुभ्र…" म्हणत मी ओतलं.

चॉकलेटी! गढूळ! गटाराच्या पाण्यासारखं!

"हे पांढरं?" अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"बाटली जुनी आहे सर," मी ठोकून दिलं. नवी बाटली फोडून दुसऱ्या बीकरमध्ये ओतलं. पुन्हा चॉकलेटी! पोरं खिदळायला लागली. आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अहो, पावडरीबरोबर आयोडीनही सुटतं, त्याचाच तो रंग! हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घातला की रंग जातो. दरवर्षी पोरांना घसा फोडून सांगते मी हे!

हायपोचं पाणी थोडं ओतलं. रंग गेला, खाली पांढरी पावडर! टाळ्या!

तिथे थांबावं की नाही माणसाने? पण नाही! अजून पांढरं दिसू दे म्हणून मी आख्खी बाटली रिकामी केली. आणि पावडर गायब! हायपो जास्त झाला की ती त्यात विरघळते, हेही मीच शिकवते.

"गेली कुठे?" अध्यक्ष वाकून बघतायत.

घाईघाईत पहिलं चॉकलेटी बीकर पुढे ओढलं, ते कलंडलं थेट माझ्या पदरावर. हौसेने खळ घालून कडक इस्त्री केलेली पांढरी सुती साडी हो! खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चला आयोडीन लागलं की काय होतं?

डोळ्यांदेखत अर्धा पदर काळानिळा!

"वा!" अध्यक्ष उभेच राहिले. "काय कल्पना आहे! साडीवर प्रयोग!"

"सर, हा प्रयोग नाही, अपघात आहे…"

"किती हा नम्रपणा!" त्यांनी माझं बोलणंच तोडलं. "प्राचार्य, प्रयोगशाळा मंजूर! पण हा प्रयोग बाईंनी आपल्या प्रत्येक शाळेत करून दाखवायचा. सोमवारी संगमेश्वरपासून सुरुवात!"

मी प्राचार्यांकडे आशेने बघितलं. आता तरी हे खरं काय ते सांगतील!

ते माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, पांढऱ्या साड्या किती आहेत हो तुमच्याकडे?"