नंबर ज्याचा त्याचा

आप्पांना हरवलेल्या माणसाचं नाव सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "बायको कुठली त्याची?" नवखं गिऱ्हाईक चमकायचं. पण आप्पांचं म्हणणं ठाम होतं, "मानूस लपतंय, सोयरीक लपत न्हाय." सासुरवाडी कळली की दोन-तीन फोनांत ते माणसापर्यंत पोचत. कागलचा मेहुणा, त्याचा निपाणीचा साडू, साडूच्या ओळखीचा पुण्यातला कुणी कंडक्टर, असा तो माग निघायचा. फोनवर मधूनच ते कानडीत शिरत आणि परक्या माणसाला निम्म्या मिनिटात नात्यातला मामा करून टाकत.

गंगावेशीत त्यांचं एसटीडी बूथ होतं. नव्वद सालानंतर सगळ्यांचं असायचं तसंच, काचेची केबिन आणि लाल आकड्यांचं मीटर. वेगळं होतं ते मागचं फडताळ. त्यात पुणे, मुंबई, बेळगाव, हुबळी, कुठकुठल्या गावांच्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रद्दीवाल्याकडून आणून रचलेल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आप्पा त्या वाचत बसत. डिरेक्टरी वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढे बूथ ओस पडायला लागली तेव्हा त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले, पन्नाशी उलटल्यावर एका बोटानं टाइप करायला शिकले आणि इंटरनेटवर माणसं हुडकायला लागले. आम्हा शिक्षक मंडळींना तेव्हा ईमेल उघडतानाही घाम फुटायचा.

त्यांचा एक नियम मात्र डिरेक्टरीच्या काळापासून कधी बदलला नाही. नंबर सापडला तरी ते तो शोधणाऱ्याला देत नसत. आधी स्वतः केबिनमध्ये जाऊन फोन लावत आणि विचारत, "अमुक तमुक तुमचा नंबर मागत्यात, देऊ का?" पलीकडून हो आलं तरच चिठ्ठी मिळायची. एकदा मलकापूरकडचा एक आडदांड गडी निघून गेलेल्या बायकोचा पत्ता मागत आला. दोन दिवसांनी आप्पांनी त्याला सरळ सांगितलं, "गावली. नंबर द्यायचा न्हाय म्हणत्यात." त्यानं टेबलावर मूठ आपटली, शिव्या घातल्या. आप्पांनी चहा मागवला. "चहा घ्या पावणं. नंबर न्हाय मिळायचा." मी तिथंच बसले होते. गडी चहा न घेताच गेला.

मी तिथं बसले होते ती आईच्या कामासाठी. पुढच्या आठवड्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं आणि तिनं एकच हट्ट धरला होता, त्याआधी एकदा अक्काचा आवाज ऐकायचा. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, माझी शांतव्वा मावशी. चाळीस वर्षांपूर्वी जातीबाहेरच्या एका प्राध्यापकाशी लग्न करून गेलेली. एकदा तान्हं मूल घेऊन ती माहेरी आली होती, तर दार उघडलं नाही. नंतर ती मंडळी अमेरिकेला गेल्याचं कानावर आलं, तेवढंच.

मी चार दिवस इंटरनेटवर "शांतव्वा" आणि माहेरचं आडनाव घालून बसले होते. आप्पा हसले. "बाई, लग्नात आपण पोरीचं नावबी बदलतो, आडनावबी. मशीनला ती गावायची कशी? आधी नवरा हुडका." नवऱ्याचं आडनाव आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नव्हतं. ते आप्पांनी त्या प्राध्यापकाच्या कॉलेजातल्या एका निवृत्त शिपायाकडून काढलं. मग अमेरिकेतली कुठलीशी वेबसाइट उघडली. नाव घातलं की वय, गाव, फोन आणि घरातल्या माणसांची नावंसुद्धा. माणसं अशी उघड्यावर मांडलेली पाहून मी गारच पडले. प्राध्यापकांच्या नावाखाली होती मालती, वय बासष्ट. "हीच," आप्पा म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

बाहेर आले ते मान खाली घालून. "मावशीच हाईत तुमच्या. पर गावाकडच्या कुणालाच नंबर देऊ नका म्हणाल्या."

मी भडकले. आई मरायला टेकलीय, हे सांगितलं का, असं ओरडले. ते म्हणाले, "सांगिटलं. नंबर त्यांचा हाय, बाई. माझा न्हाय, तुमचा बी न्हाय." ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले, तेव्हा पडद्यावरचा नंबर मी बसच्या तिकिटामागे उतरवून घेतला. चोरीच ती. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

आईनं तिकीट हातात घेतलं. "तिनं दिला?"

"नाही. मी घेतला."

तिनं तिकिटाचे बारीक तुकडे केले. "आमी तिला कवा कायबी इचारलं न्हाय. त्यो परका मानूस, पर त्यानं इचारलं." आयुष्यात पहिल्यांदा मला आईसमोर लाज वाटली.

आप्पा आता नाहीत. बूथच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला हटकून तिकीट फाडल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसते. आई रिक्षानं स्वतः बूथवर आली होती. दम लागलेला. म्हणाली, "नंबर नगो मला. तिला एवढंच सांगा, त्या दिवशी दाराला कडी मी घातली हुती. आण्णांनी न्हवं. मी सोळा वर्साची, भ्यालते."

आण्णा म्हणजे माझे आजोबा. ते दार त्यांनी बंद ठेवलं असंच मी जन्मभर ऐकत आले होते.

आप्पा केबिनमध्ये गेले. काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसले, मग बराच वेळ हललेच नाहीत. दार उघडून ते बाहेर आले, चष्मा पुसत.

"रडल्या. लई येळ रडल्या. मग तुमचा नंबर मागिटला."

आई उठून उभीच राहिली. "दिला न्हवं?"

"न्हाय वैनी. आदी तुमास्नी इचाराय पायजे की. त्या लाइनीवरच हाईत. देऊ?"

आईनं जोरजोरात मान डोलावली.

"तोंडानं सांगा, वैनी," आप्पा म्हणाले.

"द्या," आई म्हणाली.