तिने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र

आमच्याकडे शिफारसपत्र विद्यार्थ्यानेच लिहायचं असतं. नियम कुठलाच नाही, चालत आलंय. बाहेर एमएसला जाणारी पोरं येतात, आपण म्हणतो, ड्राफ्ट करून आण. मग लेटरहेडवर आपली सही, शिक्का, आणि तिकडच्या विद्यापीठाने पाठवलेल्या लिंकवर अपलोड. उल्हासनगरच्या कॉलेजात वीस वर्षं शिकवतोय, सगळी पत्रं अशीच गेली. मी फार तर चार ओळी वाढवायचो.

दोन वर्षांपूर्वी ती आली. अंबरनाथची, वडील आनंदनगरला एका कारखान्यात फिटर. तिच्या प्रोजेक्टचा गाइड मीच होतो. एकदा फळ्यावरचं गणित बघून हळूच म्हणाली होती, "सर, इथे बहुतेक माझं काहीतरी चुकतंय." चूक माझी होती. अशी मुलगी होती.

तिच्या मसुद्यात होतं: नियमित, आज्ञाधारक, कष्टाळू, हजेरी उत्तम. बस्स.

"बघून घ्या हं सर. कमी-जास्त असेल तर करा."

लेटरहेडवर प्रिंट काढायला समोरच्या सिंधी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो वाचल्याशिवाय कागद हातात देत नाही. "प्रोफेसर साब, ये स्टूडंट का लेटर है या वॉचमन का?" तो हसला. मीही हसलो.

म्हणजे मला कळलं होतं. तेच सांगायचंय.

माझा मुलगा तिच्याच वर्गात होता. त्याच विद्यापीठाला, त्याच कोर्सला त्याचाही अर्ज होता. पोरगा वाईट नाही, पण तिच्यापुढे काहीच नाही. त्याचं पत्र मी स्वतः बसून लिहिलं, दीड पान, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची सही घेतली. तिचं पत्र समोर आलं तेव्हा एकच विचार मनात होता: आपल्या एवढ्याशा कॉलेजातून ते दोघांना कशाला घेतील? वेळ होता. पेन हातात होतं. मी खाली सही केली आणि तसंच चढवलं.

मुलाचं झालं. तिचं नाही.

बदलापूरला घरी बॅगा भरताना बायको म्हणाली, "अहो, ती अंबरनाथची मुलगी? तिचं कुठे झालं?"

"नाही झालं."

"अगंबाई! एवढी हुशार पोर!"

मी काटा हातात धरून बॅगेचं वजन बघत राहिलो.

माझ्या पत्रामुळेच तिचं राहिलं का, कुणास ठाऊक. याच 'कुणास ठाऊक'च्या आडोशाला मी दोन वर्षं काढली.

गेल्या महिन्यात ती मार्कशीटच्या प्रतींवर शिक्के घ्यायला कॉलेजात आली. नोकरी करते, यंदा पुन्हा अर्ज करणार म्हणाली. तिला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं. मुलाचंही.

तिचा चहा तसाच राहिला. कप बाजूला सरकवून म्हणाली, "स्वतःचं कौतुक स्वतःच कसं लिहिणार सर? मला वाटलं, तुम्ही वाढवाल."

"आता मी लिहितो. मसुदा नको, काही नको. आजच लिहितो."

"नको सर." आवाज पूर्वीइतकाच हळू होता. "माझ्या ऑफिसातल्या मॅडमना सांगितलंय. त्यांनी लिहिलंसुद्धा."

"वाचलंस?"

"नाही. दाखवत नाहीत त्या. म्हणाल्या, तुझ्याबद्दल काय लिहायचं ते माझं काम आहे."

मग कागद सारखे करून ती शिक्क्यांच्या खिडकीकडे गेली. तिच्यासोबत रांगेत उभं राहावं असं वाटलं. तेवढाही हक्क राहिला नव्हता.