मांडीवरची रुई

अकोल्याच्या एका दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं डेस्कवर होते. विहिरीतून आवाज येतो, वळणावर बाई दिसते... असल्या बातम्या तालुक्यांतून नेमाने यायच्या. मी वर लाल पेनाने लिहायचे - ‘कोणी पाहिलं? नाव, गाव, वेळ?’ - आणि परत पाठवायचे. बहुतेक बातम्या पुन्हा आल्या नाहीत. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आज आहे का, ते मला विचारू नका. जे घडलं ते माझ्याच जुन्या नियमाने लिहिते आहे. जिथे मी झोपेत होते, तिथे तसं सांगितलं आहे.

माझे पती प्रभाकर कापसाच्या जिनिंग कारखान्यात ग्रेडर होते. सरकी काढलेला कापूस म्हणजे रुई. त्या रुईचा धागा किती लांब, हे बोटांनी ओळखणं हे त्यांचं काम. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरायची, ओढून दोन भाग करायचे, एकावर एक ठेवायचे, पुन्हा ओढायचे. असं दहा-बारा वेळा केलं की सगळे तंतू सरळ होऊन एक चपटी बट तयार होते. ती काळ्या मखमलीवर मांडायची आणि नुसत्या नजरेने सांगायचं - सव्वीस मिलिमीटर, एकोणतीस मिलिमीटर. आता मशीन आलं आहे. पण मशीनचा रिपोर्ट यायच्या आत प्रभाकर आकडा सांगून मोकळे व्हायचे आणि तो जुळायचा.

तरुणपणी तेल्हाऱ्याच्या एका जिनमध्ये त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक एका बाजूने गेलं होतं. त्यामुळे ओढताना त्या बाजूचे थोडे तंतू निसटायचे आणि त्यांच्या बटेच्या उजव्या कडेला एक बारीक पायरी पडायची. कापसाच्या गंजीवर कोणी बट सोडून गेलं तरी लोक ओळखायचे - ही प्रभाकरभाऊंची.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, "आज कापूस हाताले लागून नाही राहिला. एकोणतीसच्या मालाले सव्वीस म्हटलं म्या. सारे हासले."

मी म्हणाले, "वय झालं आता तुमचं."

"वय तुह्यं झालं. माह्या बोटाले काय होते?"

विषय तिथेच संपला. त्या नमुन्याची पुडी त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवली. वर त्यांच्या अक्षरात ‘२६’ आणि खाली मशीनचा आकडा, ‘२९’. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी नंतर विचारलं, आधी बोटांना बधिरपणा, काही चुकणं, असं झालं होतं का? मी हो म्हणाले. बातमी माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होती आणि मी ती वाचली नव्हती.

अकोल्यात अठरा दिवस हॉस्पिटल झालं. मग अमरावतीच्या एका पुनर्वसन केंद्रात दाखल केलं. पहिला मजला, दोन खाटांची खोली, खिडकीशी आमची खाट. दुसऱ्या खाटेवर चांदूर बाजारचे एक संत्रा बागाईतदार होते आणि त्यांच्या सोबतीला त्यांची बायको कमलाबाई. बाई माझ्याच वयाची, आवाज मोठा. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काहून वो ताई, तुमचे मालक भितीकडेच पाह्यत राह्यतेत? भितीवर सिनेमा चालू हाय का?"

खरंच, ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. फिजिओथेरपिस्ट मृणाल रोज दोनदा येई. ती उजवा हात उचलायची, वाकवायची, बोटं उघडायची. प्रभाकर तिला ते करू देत, पण स्वतः काही करत नसत. समजत सगळं होतं. मी डोळ्यांत पाहिलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मृणालने मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "काकू, परत येण्याचे दिवस हेच असतात. त्यांनी स्वतः जोर लावला नाही, तर आम्ही ठेवून काय करणार? पुढच्या शनिवारी आढावा आहे. डॉक्टर सर घरी न्यायला सांगतील." त्या शनिवारला दहा दिवस होते. घरी नेणं म्हणजे काय, ते तिला आणि मला दोघींना कळत होतं.

तिच्याच सांगण्यावरून मी त्यांच्या ओळखीची वस्तू म्हणून ती रुईची पुडी घरून आणली. त्यांच्या डाव्या हातात ठेवली. त्यांनी पुडीवरचे आकडे पाहिले आणि ती खाली टाकली. मी उचलून कपाटात ठेवली.

हा बुधवार. दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

केंद्रात दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ. पडदे ओढलेले, एसी चालू. मी खाटेशेजारच्या खुर्चीत काळी शाल गुंडाळून बसायचे आणि मला झोप लागायची. तशी झोप मला आयुष्यात कधी लागली नव्हती. पापणी मिटली की खाली, थेट खाली... आणि स्वप्न एकच. पांढरं मोठं आवार. कडेपर्यंत रुई, कमरेइतकी, उन्हाने कोमट. आवाज अजिबात नाही, पाय टेकतो तिथेही नाही. मी त्या रुईत बसलेली असते. पाठीमागून कोणीतरी माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे आणतं आणि माझे हात धरतं... लहान मुलाला पाटीवर गिरवायला शिकवताना धरतात तसे. मी मागे वळून पाहत नाही. पाहायची गरज वाटत नाही. रुई हलकेच हवेत उचलली जाते, तरंगते, खाली येते. वेळ जातो की थांबतो, ते कळत नाही.

गुरुवारी जागी झाले तेव्हा मांडीवर, शालीच्या काळ्या रंगावर, रुईची एक बट मांडलेली होती. चपटी, सरळ, दोन बोटं रुंद. उजव्या कडेला पायरी.

मी घड्याळ पाहिलं - तीन वाजून चाळीस मिनिटं. वही काढून लिहिलं. प्रभाकर भिंतीकडे तोंड करून होते.

पहिला संशय कमलाबाईंवर गेला. त्या म्हणाल्या, "मले सोलता येते ते संत्रं. कापसाचे असे केस कोन विंचरते, बाप्पा?" दुसरा संशय प्रभाकरच्या डाव्या हातावर. पण बट ओढायला दोन हात लागतात. एका हाताने ती होत नाही. मी स्वतः करून पाहिलं, रुईचा बोळा झाला. दोन्ही हातांनीही पाहिलं, तेव्हाही बोळाच. तीस वर्षं ग्रेडरची बायको असून मला बट ओढता येत नाही. "तुले बातमीच ओढता येते," हा त्यांचा ठरलेला टोमणा होता.

शुक्रवारी दुसरी बट, शनिवारी तिसरी. रविवारी मी कपडे आणायला अकोल्याला गेले, त्या दिवशी काही नाही. सोमवारी मुद्दाम जागी राहिले, काही नाही. मंगळवारी पुन्हा झोपले, चौथी. बुधवारी सकाळी पुडीला दोरा बांधला, वर चिकटपट्टी लावली, पट्टीवरून सही केली आणि कपाटाला कुलूप घातलं. दुपारी पाचवी बट मांडीवर होती. सही जशीच्या तशी.

मग मी कमलाबाईंना सांगितलं, उद्या लक्ष ठेवा. गुरुवारी जागी झाले तर त्या माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. आवाज पहिल्यांदाच लहान होता.

"ताई... तुमीच तं करून राहिल्या होत्या."

"मी? काय करत होते?"

"शालीच्या आत हात चालू होते तुमचे. असे..." त्यांनी दोन्ही मुठी समोरासमोर धरून ओढून दाखवल्या. "लय भरभर. अन् तोंड तं पाहा, झोपलेलं. उठवू का म्हटलं... पन मले भेव वाटलं. भेव बी नाही. उठवू नाही असं वाटलं."

"कपाटाजवळ गेले होते का मी?"

"जागेवरून हालल्या बी नाही."

त्यांनी मोबाईलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. तो माझ्याकडे आहे. वाचक विचारतील म्हणून सांगते, त्यात सिद्ध असं काही होत नाही. शालीखाली माझी कोपरं हलताना दिसतात, हात दिसत नाहीत. मागे खाट दिसते. प्रभाकरचा उजवा हात चादरीवर पडलेला आहे, बोटं अर्धी मिटलेली, स्थिर. एकच गोष्ट मी व्हिडिओ पाहीपर्यंत मला माहीत नव्हती. त्यांचं तोंड भिंतीकडे नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते... आणि ओठ हलत होते, मोजताना हलतात तसे.

समजा, झोपेत माझेच हात चालले. पण माझा अंगठा पूर्ण आहे. त्यातून ती पायरी कशी पडली? आणि रुई कुठून आली?

शुक्रवारी सातवी बट आली. दुसऱ्या दिवशी आढावा होता. चार वाजता मृणाल आली तेव्हा ती माझ्या शालीवरच होती. मी तिला काही समजावलं नाही, इतकंच म्हणाले, "हे त्यांना दाखवू या का?" तिच्या फाईलचं कव्हर काळं होतं. तिने बट अलगद त्यावर घेतली आणि त्यांच्या समोर धरली.

ते पाहत राहिले. भुवया जवळ आल्या. हा चेहरा मी दोन महिन्यांत पाहिला नव्हता, त्याआधी तीस वर्षं पाहिला होता - माल समोर आल्यावरचा. डावा हात पुढे आला. त्यांनी एका बोटाने बटेची कड सारखी केली. मग घशातून आवाज निघाला, तुटका, ओला.

"ए...को...ण...तीस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले. या वेळी थोडं रागावून, जणू मीच त्यांना त्या दिवशी हसले होते.

"एकोणतीस!"

कमलाबाई रडायला लागल्या आणि रडता रडता नवऱ्याला म्हणाल्या, "आयकलं का वो? ते आकडे मोजून राहिले, तुमी निदान आपलं नाव तं सांगा!"

शनिवारच्या आढाव्यात मुक्काम वाढला. प्रभाकर सोमवारपासून व्यायामाला स्वतः जोर लावू लागले. त्याचं श्रेय मृणालचं, डॉक्टरांचं आणि त्यांचं स्वतःचं. ते मी कुठल्या गूढ गोष्टीला देणार नाही. त्या शुक्रवारनंतर बट आली नाही आणि ते स्वप्नही पडलं नाही. दुपारची ती झोपसुद्धा गेली. खरं सांगते, काही दिवस मी तिची वाट पाहिली.

आता आम्ही अकोल्याला आहोत. ते काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. शब्द दोन-दोन, तीन-तीन येतात. उजव्या हाताची पकड अजून अर्धीच आहे. मागच्या महिन्यात अंगणात बसून त्यांनी पहिल्यांदा दोन्ही हातांनी बट ओढली. वेडीवाकडी, जाड. कडेला पायरी. मी आतून पाकीट आणलं, त्या सात बटा काढल्या आणि ही त्यांच्या शेजारी ठेवली. विचारलं, "या कोणी केल्या?"

"म्या."

"तुमचा हात तर चालत नव्हता."

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. "हात... तुह्यापाशी ठेवला होता."

यापुढे विचारलं की ते हसतात आणि चहा मागतात.

एक नोंद उरते. अमरावतीहून आल्यापासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला, एका बाजूला, स्पर्श कळत नाही. मिठाची चिमूट घेतली की त्या बाजूने थोडं मीठ निसटतं. या वेळी मी दोन दिवस थांबले नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठले. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ आहे. नसांत काही दोष नाही, कारण सापडत नाही, असं ते म्हणाले. मलाही सापडलेलं नाही. सात बटा, त्यांच्या तारखा, सही असलेली चिकटपट्टी आणि तो व्हिडिओ पाकिटात आहे. कोणाला पाहायचं असेल तर पाहावं.

डॉक्टरांकडून आल्यावर मी प्रभाकरला सांगितलं. त्यांनी माझा अंगठा आपल्या अर्ध्या पकडीत घेतला, उजेडाकडे वळवला आणि नमुना तपासतात तसा तपासला.

"माह्यावालं हाय ते," ते म्हणाले. "राहू दे."