पेन्सिलीतला शंभरावा

शनिवार, १२ फेब्रुवारी २००५. सकाळी सात, चँडलरबाहेरची तळ्याकाठची वाळवंटी पायवाट. हजर: मी, माझा नवरा, आमच्या पक्षिगटातली दोन जोडपी आणि शेजारच्या अमितचे बाबा. गैरहजर: अमित. ऑफिस.

पक्षी उडवून लावण्यात अमितच्या बाबांचा हात धरणारा माणूस अख्ख्या ॲरिझोनात नसेल. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले हे गृहस्थ दर शनिवारी आमच्याबरोबर यायचे, कारण मुलाला शनिवारीही सुटी नसे. मी आदल्या दिवशी सगळ्यांना ईमेल करी: मातकट कपडे, हळू आवाज, खाणं परतल्यावर. काका पांढराशुभ्र सदरा आणि लाल माकडटोपी घालून, कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चिवडा घेऊन हजर! बगळा दिसला की लांबूनच खणखणीत चौकशी, "काय, आज एकटेच?" बगळा पसार. मी डोळे वटारले की म्हणत, "अहो ताई, उडतो तेव्हाच तर नीट दिसतो!"

त्या दिवशी मात्र हद्द झाली. माझ्या यादीत नव्व्याण्णव पक्षी झाले होते आणि शंभरावा रोडरनरच, म्हणजे इथला उडण्यापेक्षा पळणारा तुरेवाला पक्षीच हवा, हा माझा दोन वर्षांचा हट्ट. गटाचा नियम मीच केलेला: दोघांनी पाहिला तरच नोंद. आम्ही सगळे दुर्बिणी लावून तळ्याकडे बघत होतो. वळून पाहते तर काका माकडटोपी काढून, हात जोडून, डोळे मिटून उभे!

"काय झालं, काका?"

"भारद्वाज! सकाळी सकाळी दर्शन. शुभ असतं. लांब शेपूट, डोक्यावर तुरा, पळत गेला बघा झुडपात."

"तुरा? पळत? अहो, तो रोडरनर! हाक का नाही मारलीत? एरवी बगळ्यांशीसुद्धा गप्पा मारता!"

"आधी नमस्कार करायचा असतो."

"आणि मागितलंत काय एवढं?"

"एरवी अमितला एक शनिवार सुटी मागतो. आज म्हटलं, ताईंना त्यांचा तो रोडरनर दिसू दे."

माझा नवरा हसत सुटला. मी दुर्बीण पिशवीत कोंबली आणि तरातरा गाडीकडे निघाले.

घरी पुस्तक उघडलं, तर रोडरनर आणि भारद्वाज एकाच कुळातले निघाले. काका फारसे चुकले नव्हते. हे त्यांना सांगायचं माझ्या रागात राहूनच गेलं. मार्चअखेर ते परत गेले. त्यांना विमानतळावर सोडायला अमितनं शनिवारची सुटी घेतली.

आता आमच्या फेरीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. पक्षी उडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तितके नीट दिसतही नाहीत. यादीत शंभराव्या ओळीवर मी पेन्सिलीनं रोडरनर लिहून ठेवलाय. पाहणारा पहिला: काका. दुसऱ्याची जागा अजून भरायची आहे.