धावायची घडी

भंडाऱ्यातल्या घड्याळाच्या दुकानात एक बाई बांगड्या कोपराकडे सारून एकेक घड्याळ बांधायची, चपला काढून जागच्या जागी धावायची. पट्टा सरकला की घड्याळ परत.

"सकाळी धावाले पाह्यजे, अन् धानाच्या रोवणीच्या चिखलातबी चालली पाह्यजे," ती दुकानदाराला म्हणाली. मला हसू फुटलं.

"हासता काहून भाऊ? तुमच्या हातात तं धावाचीच घडी हाये. कसी हाये जी?"

"धावायला एकदम मस्त," मी ठोकून दिलं. मी बससाठीसुद्धा कधी धावलेलो नाही. माझ्या शब्दावर तिनं तसलंच घेतलं.

आता सकाळी तलावाच्या पाळीवर ती धावताना भेटते. मनगट उंचावून विचारते, "झालं का जी धावनं?"

दुधाची पिशवी पाठीमागे लपवत मी म्हणतो, "झालं."