जातीचा रकाना

मेंढरं एखाद्याच्या रानात मुक्कामाला बसवली की सकाळी रान काळंभोर झालेलं असतं. कुणी मुद्दाम काही टाकलेलं नसतं. नुसतं बसणं झालेलं असतं, पण खताचा थर पडलेला असतो. किश्श्यांचं तसंच आहे. महामारीच्या दिवसांत आमची मंडळी दवाखान्यापुढच्या लिंबाखाली बसून असायची, एकमेकांपासून हात-दोन हात लांब. उठून बघतो तर किश्श्यांचा हा थर!

मी दवाखान्याचं दार उघडायचो, पाणी भरायचो. अक्षराची ओळख नाही, त्यामुळं हे नात लिहून घेते. मधे मधे हसते, म्हणून जरा वेळ लागतो. लागू दे. मला कुठं जायचंय?

*

गाव आमचं माण तालुक्यातलं. खाली गावठाण आणि वर टेकाडावर आम्हा धनगरांची वस्ती. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई सांगलीकडच्या, वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्या तापाची यादी करायच्या. नाव, वय, ताप, खोकला. एक दिवस त्यांनी पट्टी घेऊन कागदाच्या शेवटाला आणखी एक रेघ मारली, आणि रकान्याच्या वर लिहिलं, जात.

आमचे सरपंच अण्णा शेजारीच बसलेले. त्यांनी मान वाकडी करून वाचलं.

"बाई, तापाला जात अस्ती व्हय?"

"तापाला नसते, अण्णा. तुमच्या गावातल्या रस्त्याला असते. गावठाणात डांबर आणि वरच्या वस्तीला खडी."

अण्णांनी मास्क नाकावर चढवला. एरवी तो हनुवटीला असायचा.

घरोघर फिरून यादी करायचं काम आशाताईचं, म्हणजे शालनचं. तिनं विचारलं, "बाई, पन ही लिवून करायचं काय?"

"ताप कुणाच्या घरात जास्त जातो आणि औषध कुणाच्या घरात कमी जातं, ते लिहिल्याशिवाय कळणार कसं?"

"आन् लोकांनी बोट दाखिवलं मंजी?"

बाईंनी कपाटाची किल्ली दाखवली. मग म्हणाल्या, "म्हणून कागद कपाटात राहील. चावडीच्या फळ्यावर जाणार नाही."

अण्णा काही बोलले नाहीत. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. अण्णा गप्प बसले की काहीतरी करतात.

*

दुसऱ्याची जात लिहायची म्हटल्यावर लोकांना बाईंची जाणून घ्यायची लय घाई झाली. बाईंचं आडनाव पाटील. आता सांगलीकडं पाटील म्हणजे काय एक आहेत? ह्यांच्यात पाटील, त्यांच्यात पाटील, प्रत्येक जातीत पाटील.

अण्णांनी चहा मागवला आणि गोडीत विचारलं, "बाई, पाटील मंजी कंचं पाटील?"

"माधवनगरचे."

"तसं न्हवं. मंजी मूळचं?"

"मूळचे पण माधवनगरचेच. आजोबा गिरणीत होते."

अण्णांनी वाट बदलली. "बरं, तुमचं पावनं कुटलं?" आमच्याकडं पाहुणे कुठले म्हटलं की जात बरोबर बाहेर येते. ह्यातनं कुणी सुटत नाही.

बाई म्हणाल्या, "पाहुणे ना? लॉकडाऊनमुळं आलेच नाहीत हो कुणी."

चहा गार झाला. बाईंनी मास्क खाली केला नाही, म्हणून तो प्यालाही नाही.

*

शालन यादी घेऊन वरच्या वस्तीला गेली. पहिलं घर माझ्या चुलतभावाचं, ज्ञानूचं. ज्ञानू काट्यांचं कुंपण घातलेल्या वाड्यात मेंढरं मोजत होता. मोजताना त्याला कुणी बोललेलं चालत नाही. शालन लांबनंच ओरडली, "नाना, नाव?"

"ज्ञानू."

"ताप?"

"न्हाई."

"जात?"

"माडग्याळी."

शालननं लिहिलं. तिचं सासर-माहेर दोन्ही गावठाणातलं, मेंढरातलं तिला काही कळत नाही.

दुपारी बाईंनी मला हाक मारली. "आबा, माडग्याळी ही कुठली जात? माझ्या माहितीत नाही."

"लय चांगली जात, बाई. अंगानं उंच. पांढऱ्यावर तांबूस ठिपकं. आन् नाक राघूच्या चोचीगत. नाकावरनंच वळखायची."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "माणसांची?"

संध्याकाळी ज्ञानूला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय ठावं? मेंढरास्नी लस टोचाय येत्यात ते असंच इचारत्यात. नाव मालकाचं, जात मेंढराची."

*

वस्तीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. कानानं कमी. वर्षभर पोलिसांनी, पोरांनी, सगळ्यांनी तिला एकच विचारलेलं, कुठं जातीस? शालननं दारातनं विचारलं, "आजी, जात?"

"न्हाई जात."

"आवं, जात इचारतीया."

"न्हाई जात म्हनलं न्हवं? दार लावून बसलीया. कुटं जायाचं हाय मला?"

शालन दमलेली. तिनं रकान्यात लिहून टाकलं, नाही जात.

बाईंनी तो कागद लय वेळ हातात धरला. "आबा," म्हणाल्या, "नोकरीत आल्यापासून असं घर पहिल्यांदाच सापडलं बघा."

*

आता हसू थोडं बाजूला ठेवतो.

बाई एकदा मीटिंगला तालुक्याला गेल्या. यादीची एक नक्कल नियमानं ग्रामपंचायतीत द्यावी लागायची. अण्णांनी क्लार्ककडनं बेरीज करून घेतली आणि चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहून घेतलं, कुठल्या जातीत किती आजारी. अण्णा वाईट माणूस नाही. त्यांचं म्हणणं, "लपवाछपवी नगं. पारदर्शक कारभार." हा शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकलेला.

आमचं नाव सगळ्यात वर होतं. मला वाचता येत नाही, पण फळ्यापुढं उभी असलेली माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली, तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीवाल्यानं वरच्या वस्तीचं दूध परत पाठवलं. ज्ञानू कॅन घेऊन आला तसा गेला. म्हशीला काय सांगणार, आज पान्हा सोडू नको म्हणून? दूध कुत्र्यांनी प्यालं.

आणि त्याच दिवसापासून वरच्या वस्तीत कुणाला ताप येईनासा झाला. खोकला नाही, कणकण नाही. ज्ञानू मला म्हणाला, "दादा, हितनं फुडं कुनी नाव इचारलं तर सांगीन. वय इचारलं तर सांगीन. जात इचारली की मी उठलो."

बाई आल्या, त्यांनी फळा बघितला. अण्णांशी भांडल्या नाहीत. लिंबाखाली येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आबा, चूक माझीच आहे का हो? विचारलंच नसतं तर?"

मी पाणी आणून दिलं.

*

अण्णांच्या लेकीचं सासर जतचं. तिकडचे सोयरे चार दिवस म्हणून आले आणि लॉकडाऊननं अडकले. पाहुणे घरभर. कानडी मुलखाच्या कडेचे, बोलणं हेलातलं. एकाला ताप आला तसा सगळ्यांना आला. तसे सगळे बसते-उठते होते, काळजीचं काही नव्हतं.

शालननं म्हाताऱ्या व्याह्यांना विचारलं, "जात?"

"जत."

"आवं, जात सांगा की."

"जतच की, बाई. आज्ज्या-पंज्यापासनं जत. दुसरं काय सांगू?"

शालननं लिहिलं, जत. पाहुण्यांच्या सगळ्या नावांपुढं, जत.

क्लार्कनं इमानदारीत बेरीज केली. पुढच्या आठवड्याला फळ्यावर आमच्या वर एक नवीन नाव आलं, आणि आकडा आमच्यापेक्षा मोठा. लोकांनी डोकी खाजवली. ही जत मंडळी कोण? कुठल्या आळीत राहतात? कधी आली? कुणी म्हणालं, रानात पाल ठोकून उतरलेत. कुणी म्हणालं, आपण बघितलेत, लय घाण राहतात.

अण्णांनी वेळ घालवला नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं पुकारलं, "जत समाजाच्या समद्या लोकांनी घराभाईर पडायचं न्हाई. त्यांच्याकडचं दूध, भाजी कुनी घिऊ नये. त्यांच्या घरला कुनी जाऊ नये."

भोंगा बंद व्हायच्या आत अण्णांच्या घरच्या वहिनी चावडीत हजर. हाताला पीठ तसंच. व्याह्यांसाठी भाकरी टाकत होत्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "मग तुमच्या व्याह्यांस्नी जेवाय वाढू का नगं? आन् तुमी आज निजायला कुटं जानार?"

भोंगा चालूच होता. सगळ्या गावानं ऐकलं.

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि फळा स्वतःच्या हातानं पुसला. वरची ओळ पुसली, तशी खालचीही पुसली. पार शेवटपर्यंत. मग डेअरीत जाऊन बसले, आणि वरच्या वस्तीचं दूध माप होईपर्यंत उठले नाहीत.

*

फळा पुसला तरी ज्ञानूच्या मनातलं कुठं पुसलंय? शालन गेली तर तो दार अडवून उभा.

आतनं खोकल्याचा आवाज आला.

"कोन खोकतंय, नाना?"

"मेंढरू."

"चुलीपाशी मेंढरू?"

"आजारी हाय. म्हनून आत घेटलंय."

"आन् बांगड्या कुनाच्या वाजत्यात?"

ज्ञानूनं दाराची चौकट सोडली. आत त्याची बायको गिरजा होती, चार दिवस अंथरुणात. तो हळूच म्हणाला, "ताई, लिवू नगंसा. दूध आत्ता कुटं चालू झालंय."

शालननं पेन पिशवीत टाकला आणि आत जाऊन गिरजाच्या बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. अँब्युलन्सला फोन केला तर ते म्हणाले, खडीवर गाडी चढत नाही, पेशंट खाली आणा.

जीप होती एकट्या अण्णांची. अण्णांना निरोप गेला आणि अण्णा स्वतः बाईंना जीपमध्ये घेऊन वर आले. गिरजाला मागं निजवलं, बाई शेजारी बसल्या, आणि गाडी त्या खडीवरनं खाली उतरली. साताऱ्यात गिरजाला वेळेवर ऑक्सिजन मिळाला. परत आली तेव्हा वाळून काडी झालेली, पण आल्या आल्या ज्ञानूला बोलली, "मेंढरू म्हनला व्हय मला?"

जीप खाली आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा लिंबाखाली कमरेला हात लावून बसलेले. म्हणाले, "बाई, तुमी म्हनला ते खरं हाय. रस्त्याला जात हाय. माजी कंबर सांगतीया."

*

मग बैठक बसली. रकाना ठेवायचा का खोडायचा?

अण्णा म्हणाले, "खोडा. त्याच्यापायी माज्या घरात व्याही रुसला."

शालन म्हणाली, "खोडला तर कसं? वस्तीवर औशिदाबिगर कोन ऱ्हायलं, कोन न्हाई, मला तरी कळंल का?"

बाई म्हणाल्या, त्यांनी ह्याच रकान्यावरनं बघितलं की लस आली तेव्हा आमच्या लोकांपैकी जवळजवळ कुणालाच मिळाली नाही. मिळणार कशी? दिवाळी झाली की माणसं मेंढरं घेऊन पार दुसऱ्या तालुक्यांत चारायला उतरतात, आणि लस येते गावात. तालुक्याला त्यांनी कुणाचं नाव दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, ह्या लोकांकडं गाडी घेऊन आपल्यालाच जावं लागेल. गाडी मिळाली होती.

"मग ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "पन खडूला हात लावला तर माजाच तोडा."

*

त्या गाडीचा हा शेवटचा किस्सा.

ज्ञानूचं बिऱ्हाड लोणंदच्या अलीकडं, बाजरी काढलेल्या एका रानात उतरलेलं. ते मलाच सापडणार म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं. कुत्री भुंकली, मग मला ओळखून गप्प झाली. गिरजानं तीन दगडांवर चहा ठेवला. आसपासच्या बिऱ्हाडांतली माणसंही आली. एकेकाला लस टोचत बाई लिहीत होत्या.

ज्ञानू सगळ्यात शेवटी बसला.

"नाव?"

"ज्ञानू."

वय विचारलं, ते त्यानं अंदाजानं सांगितलं. बाईंचा पेन शेवटच्या रकान्यावर आला आणि थांबला. जात त्यांनी विचारली नाही, पण ज्ञानूनं पेन कुठं थांबला ते बघितलं. गुडघ्यावर हात ठेवून तो उठला.

गिरजा चुलीपाशी तशीच थांबली.

"बाई," ज्ञानू म्हणाला, "आदी तुमची सांगा."

आता आली का पंचाईत? अण्णांनी चहा पाजून, पाहुणे विचारून जे निघालं नव्हतं, ते ह्यानं रानात उभ्या उभ्या विचारलं. बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या मागं बसलेल्या मेंढरांकडं बघितलं.

"माडग्याळी," म्हणाल्या.

आणि त्यांनी मास्क खाली केला. इतक्या दिवसांत त्यांचं तोंड आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

ज्ञानू हसला नाही. तो वाकला, एका बाजूनं बघितलं. मग फिरून दुसऱ्या बाजूनं बघितलं, बाजारात बघतो तसं, सावकाश.

"नाक तर हाय," म्हणाला, आणि परत खाली बसला. "लिवा."