कोळशाची रेघ

गारखेड्यातल्या आमच्या घरामागं आठ गावरान कोंबड्या होत्या. पाचोडजवळचं गाव सोडून शहरात आलो तरी ही सवय सुटली नाही. गल्लीत मी मोठ्या तोऱ्यानं सांगायचो, औषधाचा थेंब नसलेली अंडी पाहिजेत तर माझ्याकडं या.

तीन वर्षांपूर्वी कोंबड्या आजारी पडल्या. डोळे सुजले, घशातून घरघर यायला लागली. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून सल्फाची पावडर आणली आणि पाण्यात कालवून पाच दिवस पाजली. दुकानदारानं बजावलं होतं, औषध चालू असताना आणि पुढं दोन आठवडे अंडी कुणाला खायला देऊ नका. टाकून द्यायला जीव होईना. एक कोंबडी खुडूक झाली होती, तिच्याखाली ठेवू म्हणून ती अंडी भुशाच्या टोपलीत साठवली. उबवायच्या अंड्यावर कोळशाची रेघ ओढायची, म्हणजे खायच्या अंड्यांत ती मिसळत नाहीत, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. मी रेघा ओढल्या.

त्याच आठवड्यात शेजारीण आली. तिची सून बाळंत झाली होती. सहा अंडी मागितली. औषध पाजलंय असं सांगायला जीभ उचलेना. वर्षानुवर्षांचा तोरा आड आला. आत गेलो, धोतराच्या सोग्यानं सहा अंड्यांवरच्या रेघा पुसल्या आणि दिली.

चौथ्या दिवशी सुनेच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी घेतली? ती नाही म्हणाली. लहानपणी एकदा सल्फाच्या गोळीनं असंच झालं होतं, एवढं तिनं सांगितलं. सासूनं तेवढंच धरलं. माहेरच्या गोळ्या लपून खाती, अंगावर पिणाऱ्या लेकराचा तरी विचार करावा, असं ती गल्लीभर बोलत राहिली. माझ्या ओट्यावर बसूनही बोलली. मी हो म्हणून मान हलवली. ती हललेली मान मला अजून झोपू देत नाही.

अंड्यामुळंच झालं का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तिनं गोळी घेतली नव्हती आणि औषध माझ्या टोपलीत होतं, एवढं मला ठाऊक होतं. पुढं त्या घरात साधी तापाची गोळीही सासूच्या कपाटात कुलपात गेली. कोंबड्या मी वाटून टाकल्या. त्यानं काय होणार होतं?

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. परवा भिंतीपलीकडून सासूचा आवाज आला, "ह्या टायमाला काय लपवून खाल्लं तर बघ." मी चार वेळा फाटकापर्यंत जाऊन परतलो. पाचव्यांदा आत गेलो. सून अंगणात गहू निवडत होती. उभ्यानंच सगळं सांगितलं, रेघा पुसल्याचंसुद्धा.

तिचे हात थांबले. ती रडली नाही, रागावलीही नाही.

"काका, त्या औषधाचं नाव कागदावर लिवून द्या. डॉक्टरला दाखवते."

मी खिशातला पेन काढला. तिनं आत वळून सासूला हाक मारली, "आत्याबाई, जरा भाईर या." मग माझ्याकडं न बघता सुपातला खडा बाजूला काढत म्हणाली, "आता पयल्यापासून सांगा."